पाठमोरी

मालिकेची नायिका लाइनमन होती, पण तिला खांबावर चढता येत नव्हतं. म्हणून चढण्यापुरतं प्रतिभाला बोलावलं. पाठमोरी दिसायचं, तोंड दाखवायचं नाही.

प्रतिभा गंगापूर रोडच्या वीज कार्यालयात तंत्रज्ञ होती. आयटीआय करून, खांबावर चढायची परीक्षा देऊनच ती नोकरीला लागली होती. पण चार वर्षं तिला तक्रारींच्या फोनवर बसवलं होतं. लाइनवर पाठवा, असे तिचे तीन अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होते. सगळ्यांसमोर चढून दाखवलं की चौथ्याला नाही म्हणायला साहेबांना तोंड राहणार नाही, असं तिला वाटलं.

शूटिंगच्या दिवशी लाइन बंद करून अर्थिंग लावलं. ते नीट लागलंय ना, हे तिने स्वतः तपासलं, पट्टा अडकवला आणि चढली. वर पाय जराही थरथरले नाहीत, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. खाली उतरल्यावर सहादूभाऊ, पंचवीस वर्षं लाइनवर काढलेला माणूस, एवढंच म्हणाले, "पोरी, पाय बरा बसतो गं तुझा."

तो भाग टीव्हीवर लागला, त्यानंतरच्या सोमवारी ती अर्ज घेऊन आत गेली. साहेब हसले. "अगं, ते शूटिंग होतं. लाइन बंद होती."

"सर, काम करताना लाइन बंदच असते."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "उद्या काही झालं तर तुझ्या घरी मी काय सांगू?"

सहादूभाऊंच्या घरी काय सांगाल, हे तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

मग साहेबांनी आनंदाची बातमी दिली. वरच्या ऑफिसात तो प्रसंग फार आवडला होता. आता मुलींच्या शाळांमधून प्रतिभाची भाषणं ठेवायची होती.

कळवणच्या शाळेत तोच प्रसंग पडद्यावर दाखवला. टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतली तेजल नावाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुम्ही रोज चढता?"

प्रतिभाने माइक तोंडाजवळ नेला. शेजारी बसलेल्या साहेबांनी तो हलकेच काढून घेतला. "रोज," ते म्हणाले. "आमच्याकडे मुलगा-मुलगी असा भेदच नाही."

पुन्हा टाळ्या झाल्या. तेजल मात्र खाली बसली नाही. मलापण हेच करायचंय, म्हणाली, आणि प्रतिभाकडे बघत राहिली.

माइक साहेबांच्या हातात होता.