सकाळी सातलाच लिहिलेली पाळी

वृद्धाश्रमात आयाचं काम करणाऱ्या मावशीचा हात हलका म्हणून नावाजलेला. कितीही खंगलेला म्हातारा असो, ती कुशीवर वळवताना कण्हायचा नाही. पण नव्या व्यवस्थापकांनी फर्मान काढलं: केलेल्या कामाची नोंद इंग्रजीत, आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी धुलाईखान्यात जायचं. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

लेकीनं महिनाभर घोटून घेतलं. काम होऊन गेलं की साधा भूतकाळ. टर्न, टर्न्ड. गिव्ह, गेव्ह. "गिव्हड का नाही?" यावरून मायलेकींचं वाजलंसुद्धा. वाक्यं शेवटी बसली, पण एकेक लिहायला पाव तास लागे आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारी. मग मावशीनं युक्ती काढली. सकाळी सातला, डोकं ताजं असताना, अख्ख्या पाळीची वाक्यं लिहून टाकायची आणि दिवसभर त्यांच्यामागे धावायचं. अंथरुणाला खिळलेल्यांना आठला वळवलं, दहाला वळवलं, बाराला वळवलं. तिची वही सिस्टर सगळ्यांना दाखवत. मावशीही जरा फुशारली होती, खोटं कशाला बोला.

त्या मंगळवारी साडेनऊला शेजारच्या खोलीत एक आजी पडल्या. मावशी दोनला पाळी संपेपर्यंत त्यांच्याजवळच अडकली आणि तशीच घरी गेली. चार नंबरच्या खोलीतले आजोबा तिच्या डोक्यातून साफ गेले. अर्धांगवायूनं त्यांचं अंग लुळं पडलेलं, वाचाही गेलेली. तक्रार तरी कशी करणार?

बुधवारी सिस्टरांनी आजोबांची पाठ दाखवली. तासन्तास एकाच कुशीवर राहिल्यानं माकडहाडावरची कातडी सोलवटली होती. शेजारी दुपारपाळीची नवी आया मान खाली घालून उभी. मावशीची वही चोख, म्हणजे हयगय हिचीच. आजपासून हिला कामावरून काढलं, असं सिस्टरांनी सांगितलं. मी वेळेवर वळवलं होतं, एवढंच ती आया रडत रडत म्हणत राहिली.

मावशी गप्प बसली असती तरी कुणाला कळलं नसतं. आजोबा मात्र तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. तिला स्वतःची शरम वाटली.

"सिस्टर, हिला काढू नका," ती म्हणाली. "दहाला आणि बाराला मी आलेच नव्हते. सकाळीच लिहून ठेवलं होतं."

सिस्टरांनी वही पुढे सरकवली आणि हेच इंग्रजीत लिहायला सांगितलं. मावशीनं लिहिलं: आय डिड नॉट टर्न हिम. लेकीपुढे अशा नकारी वाक्यात ती दर वेळी अडखळायची. आज एकही चूक झाली नाही. तिनं पेन परत दिलं, आजोबांना हलकेच कुशीवर घेतलं, पाठीशी उशी लावली आणि कुणी सांगायच्या आत धुलाईखान्याकडे निघाली.