रिकाम्या भागाचं वजन

“डिस्कच्या या भागात कधीच काही नव्हतं,” दादा ठासून म्हणाला. पण त्याच रिकाम्या भागाचा धाकटीनं घेतलेला जसाच्या तसा बॅकअप चाळीस जीबी भरला होता!

वीस वर्षं संगणक दुरुस्त करणारी धाकटी खुदकन हसली. “कोऱ्या भागाचा बॅकअप आपोआप आकसून चिमूटभर होतो, दादा. फाईल पुसली की यादीतलं नाव तेवढं जातं, माल जागच्या जागी राहतो. बॅकअपनं तो इमानेइतबारे उचललाय. काय उडवलंस?”

दादाचा चेहरा पडला. “तुझ्या वहिनीच्या आईचे सगळे फोटो. चुकून गेले गं. तिला अजून सांगितलं नाही.”

धाकटीनं बाह्या सरसावल्या. “फोटो संध्याकाळपर्यंत परत काढते. वहिनीला मात्र तूच सांग. डिस्कसुद्धा खोटं बोलली नाही, तू कशाला बोलतोस?”