दहापैकी एक

"दहापैकी एक?" गुरुजीने कागद डोळ्यांजवळ नेला. "पहिल्या भागाला दहापैकी एक? या बाईंनी खेळ खेळला होता की नुसता डबा बघितला होता?"

जावयाला हसू आवरेना. "खाली बघ ना. परत एकदा पहिला भाग लिहिलाय आणि पुढे शून्य. विचार करून तो एक गुणही काढून घेतला."

मिस्त्री चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. त्यांची नजर कागदापेक्षा गुरुजीच्या बोटांवर होती. मघापासून तो मांडीवर वेफर्सची पिशवी घेऊन बसला होता. खायचं, बोटं चाटायची आणि त्याच बोटांनी वस्तू उचलायच्या. कागद संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला होता. गुरुजीने कुणाला न विचारता तो ओढून काढला, तेव्हा भिंतीच्या रंगाचे चार पोपडे सोबत आले. कागदाच्या कोपऱ्यावर आता तेलाचा डाग पडला होता आणि तो पसरत होता.

चाळीस वर्षं मिस्त्रींनी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून कामं केली होती. तिथे मेलेल्या घुशी निघायच्या, कुजलेलं पाणी असायचं. शेवटच्या वर्षात बायकोची लाळ पुसली, बेडपॅन काढलं. त्या कशाचीच कधी किळस आली नव्हती. ती आज या चाटलेल्या बोटांची येत होती.

"ठेवा बाबा, इथेच ठेवा," जावई म्हणाला. मिस्त्रींच्या बायकोच्या खुर्चीत तो पाय वर घेऊन बसला होता. त्याच्या मोज्यांचा वास खोलीभर झाला होता.

"तो कागद मला द्या, जावईबापू."

"देतो ना. एवढं रेकॉर्डिंग होऊ दे."

गुरुजी हा काही खरा गुरुजी नव्हता. कुठला खेळ कोणत्या क्रमाने खेळावा हे जगाला शिकवायची त्याला हौस, म्हणून ते नाव पडलेलं. दर रविवारी तो आणि जावई संगणकाच्या खेळांवर गप्पा मारायचे आणि त्या गप्पा लोकांना दाखवायचे. बघणारे हजारो होते म्हणे. आजच्या गप्पा 'कंदील'वर होत्या. हातात कंदील घेतलेली एक बाई पाण्यात बुडालेल्या शहरात आपली माणसं शोधत फिरते, असा तो खेळ. एकोणीस वर्षांत त्याचे सात भाग निघाले. साती भाग मिस्त्रींच्या बायकोकडे होते, मूळ डब्यांसकट. ती गेली त्याला चार महिने झाले होते. जावयाने डबे मागितले, संगणकही मागितला, आणि मिस्त्रींनी हो म्हटलं. त्यांना काय करायचे होते? पण कागद त्यांनी कुणाला कबूल केला नव्हता. आणि बायकोच्या खोलीत बसून तिच्यावर हसायलाही कुणाला सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरात मुलगी भांडी घासत होती. नळाचा आवाज येत होता.

जावयाने मोबाइल तिकाटण्यावर लावला, केसांवरून हात फिरवला आणि एकदम दुसऱ्याच आवाजात बोलू लागला. घरी मुलीशी बोलताना हा आवाज मिस्त्रींनी कधी ऐकला नव्हता. "तर मंडळी, आजचा वाद जुनाच. कंदील कुठून सुरू करायचा? मी म्हणतो पाचव्यापासून. पाचव्यात तिचं लहानपण आहे. गोष्ट जिथे सुरू होते तिथून माणसाने सुरू करावं."

"चूक," गुरुजी म्हणाला. "लहानपण आधीच कळलं तर पहिल्या भागात गूढ काय उरलं, डोंबल? ज्या क्रमाने बाहेर आले त्या क्रमाने खेळायचे. आणि बटणांचा विचार कर की. पहिल्या भागात बाई आपली आपण चालते, आपण फक्त एक बटण दाबून कंदील वर करायचा. चौथ्यापासून मान वळवणं, धावणं, पोहणं, सगळं आपल्या हातात आलं. त्याची सवय झालेला माणूस मागे पहिल्याकडे गेला तर त्याला हात बांधल्यासारखं होतं. नव्याकडून जुन्याकडे कुणी शहाणा जात नाही."

"कुणीच जात नाही असं नाही," जावई म्हणाला आणि त्याने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "ही आमच्या सासूबाईंची यादी. सहा, सात, चार, पाच, तीन, दोन, एक. ना गोष्टीचा क्रम, ना निघाल्याचा. आणि पुढे गुण. सहाव्याला किती? नऊ."

"सहाव्याला नऊ," गुरुजीने कपाळाला हात लावला. "ज्या भागाला बनवणारेसुद्धा आपला म्हणत नाहीत त्याला नऊ."

"सातव्याला आठ, चौथ्याला आठ, पाचव्याला सहा. असं उतरत उतरत पहिल्याला एक. नंतर शून्य."

"आणि खेळायच्या कशावर, तर यावर." गुरुजीने टेबलाखालून पाटी ओढली. ताटाएवढा प्लायवूडचा तुकडा, त्यावर लिफ्टची चार मोठी गोल बटणं बसवलेली, मागून वायर. त्याने एकामागून एक चारही बटणं खटाखट दाबली. "हे बघा, तिसरा मजला, सातवा मजला, धोक्याची घंटा आणि हे दार उघडा. बाई कंदील घेऊन निघाल्यात आणि लिफ्टची वाट बघताहेत."

दोघं इतके हसले की जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. बटणांवर तेलाचे ठसे उमटले होते.

मिस्त्रींना जावयाच्या हसण्याचंच जास्त वाईट वाटलं. गुरुजी परका माणूस, त्याला काय माहीत? पण सासूबाईंचे हात गेले होते हे जावयाला ठाऊक होतं. दोनदा भेटायला आला होता. दुसऱ्या वेळी तर तिच्यासाठी मोठा पुष्पगुच्छ आणला आणि तिच्या हातात द्यायला पुढे केला. तिच्याने तो धरवेना. फुलं मिस्त्रींनी खालून उचलली होती.

ती टायपिस्ट. एकतीस वर्षं एका कचेरीत टाइप करत होती. बोटांचा तिला भारी अभिमान. कंदीलचा पहिला भाग मुलीने कॉलेजात असताना आणला. मुलगी दोन दिवसांत कंटाळली, आणि ही मात्र त्याला चिकटली. पुढचे भाग निघतील तसे विकत घ्यायची, थोडेसे खेळायची, ठेवून द्यायची. म्हणायची, निवृत्त झाले की एकेक पुरा करीन. तेव्हा मिस्त्रींनाच तिची किळस यायची. पन्नाशीची बाई पोरांसारखी पडद्यापुढे बसते, म्हणून ते ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायचे. ही गोष्ट त्यांनी पुढे कुणाला सांगितली नाही.

मग डावी करंगळी वळेना. मग तिच्या शेजारचं बोट जड वाटू लागलं. डॉक्टरांनी समोर बसवून सरळ सांगितलं की एकेक करत सगळी जातील, औषध नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, कागद-पेन घ्या. मी एकेक भाग लावते. कुठल्याला किती बोटं लागतात ते तुम्ही मोजा आणि लिहा."

तिच्या हातांजवळ मान घालून ते तीन दिवस मोजत होते. चाळीस वर्षांच्या संसारात तिची बोटं त्यांनी एवढी निरखून पाहिली नव्हती. सहाव्या भागाला नऊ लागली.

"म्हणजे आधी सहावा," ती म्हणाली.

"आवडतो का तो?"

"भिकार आहे. पण नऊ बोटं आहेत तोवर तो उरकायला हवा. पहिला शेवटी. तो मला आवडतो आणि त्याला एकच पुरतं."

ज्या दिवशी साधा कीबोर्ड तिला जमेनासा झाला, त्या दिवशी मिस्त्रींनी जुना कीबोर्ड उघडला, आतल्या तारा भंगारातल्या लिफ्टच्या बटणांना जोडल्या. जड हातानेही दाबली जातील अशी बटणं. तिच्या वापरात चाराची तीन उरली, तिनाचं एक. उरलं ते 'दार उघडा'. त्यावरचे बाण तिच्या अंगठ्याने पुसट झाले. पुढे तोही अंगठा गेला.

तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही अंगठा ठेवा. मी सांगेन तेव्हा दाबा." ती पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, "आता." ते दाबायचे. बाई कंदील वर करायची, पुढचा जिना दिसायचा. सुरुवातीला त्यांना उशीर व्हायचा, बाई पाण्यात पडायची, आणि ही हसायची. "लिफ्टवाले ना तुम्ही? माणूस दारात उभा असताना दार उघडायला एवढा वेळ?" नऊ दिवसांत पहिला भाग पुरा झाला. त्या दिवशी तिने त्यांच्याकडून शेवटची ओळ लिहून घेतली. "लिहा. भाग एक, बोटं शून्य. खोटं कशाला लिहायचं?"

"तर मंडळी," जावई कॅमेऱ्याला सांगत होता, "सासूबाईंच्या क्रमाने कुणी खेळणार असेल तर खाली कळवा. आम्ही त्याचा सत्कार करू."

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. मिस्त्री पुढे आले.

"ते गुण नाहीत," ते म्हणाले.

"मग?"

"बोटं आहेत. कुठल्या भागाला किती लागतात ती."

जावयाने कागदाकडे पाहिलं. वरून खाली, पुन्हा वरून खाली. त्याचे ओठ हलले, बहुधा तो आकडे वाचत होता. पाय त्याने हळूच खुर्चीवरून खाली घेतले. "शून्य," तो म्हणाला.

मिस्त्रींना वाटलं, आता हे दोघं उठतील, पुसून टाकतील आणि जातील. तेवढं झालं असतं तर त्यांनी सगळं विसरायची तयारी केली होती. चहासुद्धा पुन्हा गरम करून दिला असता.

पण गुरुजी पुढे सरकला. त्याचे डोळे चमकत होते. "काका, हे तर फारच मोठं आहे. आम्ही नुसते हसत होतो. हे तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगाल का? अगदी आत्ता म्हणालात तसंच, सावकाश. 'ते गुण नाहीत.' मग थोडं थांबा. मग 'बोटं आहेत.' लोक रडतील हो. आणि ती पाटी मांडीवर घ्या."

मिस्त्रींनी जावयाकडे पाहिलं. त्याने नको म्हणावं म्हणून ते थांबले. जावई मोबाइलकडे बघत होता. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्हाला चालेल का? म्हणजे आईंची आठवण राहील."

हसले होते ते परवडलं, असं मिस्त्रींना वाटलं.

"पुसा ते," ते म्हणाले.

"पहिलं पुसतोच. पण हे..."

"माझ्यासमोर पुसा. आणि हे करायचं नाही. मी गेल्यावरही नाही."

आवाज चढला नव्हता, तरी स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मुलगी हात पुसत दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, भिंतीच्या सोललेल्या रंगाकडे पाहिलं. "पुसा ना," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

जावयाने मोबाइल मिस्त्रींच्या पुढे धरून पुसलं. कागद त्यांच्या हातात दिला. तेलाचा डाग आता आकड्यांपर्यंत आला होता; सहावा भाग आणि नऊ, दोन्ही पारदर्शक झाले होते.

"डबे घेऊन जा," मिस्त्री म्हणाले. "संगणकही न्या. शब्द दिला तो दिला. पाटी राहू द्या."

अर्ध्या तासात सगळं खोक्यात गेलं. सात डबे खोक्यात लावतानाही दोघांचं जुंपलं, पाचवा आधी की पहिला आधी. गुरुजी लिफ्टपाशी उभा राहून हळू आवाजात म्हणत होता, "ते सगळं खरं रे, पण तरी नव्याकडून जुन्याकडे म्हणजे..." दार बंद झालं आणि पुढचं ऐकू आलं नाही. लिफ्ट खाली जाताना दुसऱ्या मजल्यापाशी खरखरली. ब्रेकची पट्टी झिजली आहे हे मिस्त्रींनी सोसायटीला तीनदा सांगितलं होतं.

मुलगी मागे राहिली होती, संध्याकाळी जाणार होती. ती पानं घेत होती. मिस्त्री रिकाम्या टेबलापाशी बसले. संगणकाच्या जागी धुळीचा चौकोन उरला होता. त्यांनी स्पिरिटची बाटली काढली, कापूस घेतला आणि पाटी पुसायला घेतली. तिसरा मजला, सातवा मजला, धोक्याची घंटा. कापूस पिवळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. बटणांच्या कडेच्या खाचेत वेफर्सचा चुरा गेला होता, तो त्यांनी टाचणीने काढला. 'दार उघडा' त्यांनी शेवटी घेतलं आणि ते जरा जपूनच पुसलं, म्हणजे उरलेसुरले बाण जायला नकोत.

पुसून झाल्यावर पाटी त्यांनी मांडीवर घेतली. मागची वायर सुटी लोंबत होती. अंगठा सवयीने त्याच बटणावर जाऊन बसला आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"बाबा," मुलगी दारातून म्हणाली, "आता उठा. जेवून घ्या."

अंगठ्याखाली बटण खट्कन वाजलं.