शेजारची खानावळ

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही दोघं परक्या गावात लॉजवर उतरलो होतो. आई गेल्यानंतर आम्ही असे पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो. बाबांनी साखरेची गोळी घेतली होती आणि पोटात काहीच नव्हतं. गोळीनंतर जेवायला उशीर झाला की त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात. मला घाई होती.

"चांगलं कुठे मिळेल?" मी मॅनेजरला विचारलं.

"मॅडम, मी डबा आणतो घरून," तो हसला. "पण मागची सगळी गल्ली खानावळींचीच आहे."

पहिल्याच दारापाशी बाबांनी काठीने दाखवलं. "ही बरी दिसते."

"चला मग."

ते हलले नाहीत. जरा वेळ पाटीकडे बघत राहिले आणि पुढे चालू लागले.

"इथे गर्दी आहे. म्हणजे ताजं असणार," ते दुसऱ्या दारापाशी म्हणाले. मी आत जाऊन टेबलही धरलं. वळून बघते तर बाबा रस्त्यावरच.

"काय झालं?"

"कुठे काय!"

तिसऱ्या ठिकाणी मी त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं, तर त्यांचा चेहराच उतरला. मला काही समजेना. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला, भांडणाऱ्या भावांना बांध छातीठोकपणे दाखवून देणारा हा माणूस. ऑपरेशनची धास्ती घेतली होती की दिसतच नव्हतं? एव्हाना काठीवरचा हात थरथरू लागला होता.

"बाबा, मी हो म्हणतेय ना? मग अडतंय कुठे?"

"तिथेच अडतंय!" ते वैतागले. "तुझी आई कधी हो म्हणाली? मी दाखवायचो ती सोडून शेजारच्या खानावळीत शिरायची. मी आपला मागून."

लहानपणी मला वाटायचं की बाबाच ठरवतात. बोट त्यांचं असायचं.

पुढच्या दारापाशी त्यांनी पुन्हा काठी उचलली. "ही." आतून फोडणीचा फार चांगला वास येत होता आणि भूक मलाही लागली होती.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "शेजारची."

"का? हिच्यात काय खोट आहे?"

"टेबलं चिकट आहेत."

"इथून दिसतात?"

"दिसतात."

"डोळे माझे दाखवायला आलोय की तुझे?" असं म्हणत ते माझ्यामागून शेजारच्या खानावळीत शिरले.

भाजी खारट होती, भात गार. "सांगत होतो," पहिला घास घेताच बाबा सुरू झाले. "ती चांगली होती. पण कुणी ऐकेल तर शपथ!" बोलता बोलता त्यांनी अर्धं ताट संपवलं. हात स्थिर झाला होता. ते हे मला सुनावत होते की आईला, मला उमगेना. मी त्यांना आणखी भात वाढला.