गोलातल्या अकरा सह्या

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. जुना म्हणजे तुमच्या गेल्या वर्षीच्या वहीसारखा नव्हे, चांगला तीनशे वर्षांचा. माझा एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे, दोन घड्यांवर मी विरलो आहे आणि उजव्या अंगाला चहाचा एक डाग आहे. तो कुणी पाडला ते मला ठाऊक आहे, पण चुगली करायची मला सवय नाही. का नाही, तीच माझी गोष्ट.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडात जन्मलेल्या कागदाला मराठी कशी येते? सध्या मी वेल्समधल्या कार्डिफ शहरात, एका आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या भांडारात, राहतो. तिथे माझी देखभाल करणाऱ्या सुनेत्राताई पुण्याच्या. काम करताना त्या माझ्याशी एकसारख्या बोलत असतात. "थांब हं, जरा ओलं लागेल. झालं, झालं." आठ महिने रोज कानावर पडल्यावर भाषा आली. व्याकरण विचारू नका.

त्या काळी कागद लाकडापासून नव्हे, चिंध्यांपासून होत असे. जुने सदरे, फाटक्या चादरी गोळा करायच्या, कुटून पाण्यात कालवायच्या आणि तो लगदा चाळणीवर पसरून वाळवायचा. माझ्यातला एखादा धागा एखाद्या खलाशाच्या सदऱ्याचा असेल, असं मला नेहमी वाटतं. ब्रिस्टलच्या एका दुकानातून मला विल्यम कूम नावाच्या सुताराने घेतलं. तो 'सुसाना' नावाच्या व्यापारी जहाजावर काम करायचा. घरी पत्र लिहायचं म्हणून त्याने मला घेतलं खरं, पण त्याला लिहिता कुठे येत होतं? त्याने मला आपल्या पेटीत रंध्याखाली ठेवलं आणि मी तसाच कोरा लिस्बनला पोचलो.

वाटेत मोठं वादळ झालं. 'सुसाना'च्या फळ्यांमधल्या फटी उघडल्या आणि तळात पाणी भरू लागलं. अकरा खलाशी पाळीपाळीने पंप मारत होते. हाताला फोड आले, फोड फुटले, तरी पाणी काही हटेना. लिस्बनला पोचल्यावर सगळ्यांना वाटलं, आता जहाज वाळूवर ओढून फटी बुजवतील. पण कप्तान ऑलिव्हर गेल यांना घाई होती. यंदाची नवी वाइन ब्रिस्टलला सगळ्यांत आधी आपणच न्यायची, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. माल भरा आणि निघा, असा त्यांनी हुकूम सोडला.

आता खलाशांनी काय करावं? जावं तर बुडण्याची भीती. न जावं तर कप्तानाचा हुकूम मोडल्याचा गुन्हा. अर्ज करता आला असता, पण अर्जावर ज्याचं नाव पहिलं तो म्होरक्या, आणि म्होरक्याला कधी फटके, कधी तुरुंग, कधी त्याहून वाईट. म्हणून पहिली सही करायला कुणी धजत नसे. त्यावर खलाशांनीच एक युक्ती काढली होती. मजकूर मध्ये लिहायचा आणि सह्या त्याच्याभोवती गोलात करायच्या. गोलाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. इंग्लिश खलाशी या प्रकाराला 'राउंड रॉबिन' म्हणत.

एके दुपारी कप्तान गावात जेवायला गेले होते. विल्यमने मला पेटीतून काढलं. 'फटी बुजवल्याशिवाय आम्ही निघणार नाही' हा मधला मजकूर त्यांनी बंदरावरच्या एका लेखनिकाकडून लिहून घेतला, म्हणजे अक्षरावरूनही कुणी ओळखू नये. मग एक पालथं पिंप, त्यावर मी आणि माझ्यावर जेवणाची थाळी. थाळीच्या कडेने गोल आखला गेला आणि सह्या सुरू झाल्या. लिहिता येणाऱ्यांनी नावं लिहिली. बाकीच्यांनी कुणी नांगर काढला, कुणी मासा, आणि विल्यमने आपला रंधा काढला. मला आजही त्या टाकाचं टोक आठवतं. पहिली सही कुणी केली ते मी पाहिलं, आणि त्या क्षणापासून ते गुपित माझं झालं.

कप्तानांनी मला हातात घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी मला एकदा फिरवलं, मग दुसऱ्यांदा, मग उलट्या बाजूने. जसं फिरवावं तसं नवं नाव वर येई.

"पहिलं नाव कुणाचं?" ते गरजले.

मग त्यांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं.

"तू कितवा होतास?"

"मी मधेच कुठेतरी होतो, साहेब."

"आणि तू?"

"मीही मधेच, साहेब."

अकराच्या अकरा जण मधेच होते! हसू नका. दोन दिवस त्यांना अर्ध्या पाण्यावर ठेवलं, तरी उत्तर बदललं नाही. सगळ्यांना फटके मारावेत तर जहाज चालवणार कोण? शेवटी कप्तानांनी दात-ओठ खात जहाज वाळूवर ओढायला लावलं. फटी बुजवल्या गेल्या. 'सुसाना' नऊ दिवस उशिरा, पण कोरड्या तळाने ब्रिस्टलला पोचली.

तिथे कप्तानांनी माझ्याच आधारे बंडाचा खटला भरला. न्यायाधीशांनीही मला गोल गोल फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "जहाज गळत होतं की नव्हतं?" गळत नव्हतं म्हणावं, तर मग दुरुस्ती कशाला केली? गळत होतं म्हणावं, तर खलाशांचंच खरं. अकराही जण सुटले. बाहेर पडताना विल्यम माझ्याकडे वळून पाहत होता. मला घरी न्यावं असं त्याला वाटलं असणार, पण मी आता कोर्टाचा होतो. त्याची आणि माझी ती शेवटची भेट. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर तुमच्या भाषेत सांगायचं तर मी अडगळीत गेलो. लाल फितीच्या गठ्ठ्यात, मग एका वकिलाच्या पत्र्याच्या पेटीत, मग कुणाच्या तरी माळ्यावर. ओल, उंदीर, कसर, सगळं भोगलं. मधे एका हौशी गृहस्थांनी मला पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलं आणि फाटल्या जागी चिकटपट्टी लावली. त्यांचा हेतू चांगला होता, पण तो चिकटपणा अजून माझ्या अंगात आहे.

आर्काइव्हमध्ये आल्यावर सुनेत्राताईंनी मला त्या पुठ्ठ्यापासून सोडवलं. सहा आठवडे लागले. अशी माया माझ्यावर कुणी केली नव्हती. काम झाल्यावर हरीशने माझा फोटो काढला. हरीश आमचा फोटोग्राफर. जन्म नॉटिंगहॅमचा, आईवडील मुंबईचे.

"सुनेत्राताई, ह्याचा टॉप कुठे आहे? कसा ठेवू?"

"ठेव रे कसाही. गोलच तर आहे."

हे वाक्य त्या तेव्हा किती सहज बोलून गेल्या! पण त्याच संध्याकाळी त्या कॅटलॉगचा फॉर्म भरायला बसल्या. त्या फॉर्ममध्ये 'पहिली सही करणारी व्यक्ती' अशी एक जागा असते. ती रिकामी सोडली, की कॉम्प्युटर पुढे जाऊच देत नाही. पाचला दहा कमी होते आणि ट्रेन पकडायची होती. सुनेत्राताईंनी फोटोत जे नाव वर दिसत होतं ते टाकलं. थॉमस प्रिचर्ड.

पंधरा दिवसांनी आर्काइव्हच्या येत्या प्रदर्शनाचा फलक छापून आला. चांगला दरवाजाएवढा. त्यावर माझा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'बंडाचा म्होरक्या, थॉमस प्रिचर्ड'.

मित्रांनो, मी हादरलो. कप्तानाला जे जमलं नाही, न्यायाधीशाला जे जमलं नाही, ते एका फॉर्मने करून टाकलं होतं. थॉमस पहिला होता की नव्हता, ते मी सांगणार नाही. पण तो आणि बाकीचे दहा एकमेकांना शब्द देऊन बसले होते, आणि तो शब्द माझ्या अंगावर लिहिलेला होता.

सुनेत्राताईंनी फलक वाचला आणि त्या घाईघाईने कॅटलॉगचा फॉर्म उघडून बघू लागल्या.

"काय झालं?" हरीशने विचारलं.

"अरे, हे मी केलंय. गोलातलं एक नाव उचलून फॉर्ममध्ये टाकलं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी एवढा उपद्व्याप केला, तीच मी मोडली. आणि शनिवारी ओपनिंग आहे."

"मग बॉसला, साराला सांगा ना."

"सांगायलाच हवं. पण पुढच्या महिन्यात माझ्या प्रोबेशनचा रिव्ह्यू आहे. 'फलक फेकून द्या, चूक माझी', असं सांगत गेले तर काय होईल? नोकरी गेली तर व्हिसा पण गेला. सियाची शाळा इथली, सगळंच इथलं."

सिया म्हणजे त्यांची मुलगी. हरीशने माझ्याकडे बोट दाखवलं.

"पण फोटो मी घेतला ना. मी ठेवला त्याला तसा. सो माझा पण चूक आहे."

मग नीना आली. फलकाचा मजकूर तिचा. फॉर्ममध्ये 'म्होरक्या' हा शब्द नव्हताच, तो तिने घातला होता. तिच्यामागून छपाईचं काम बघणारी ग्वेन आली. फलक तिने छापायला पाठवला होता, आणि पाठवताना, हे जरा विचित्र नाही का, असं वाटूनही ती बोलली नव्हती. एका चुकीत चौघांचे हात निघाले. कॅन्टीनमधून कॉफीचा एक मग आला. रिकामा आणि पुसलेला, सुनेत्राताईंनी दोनदा तपासून घेतला. तो कोऱ्या कागदावर पालथा ठेवून हरीशने गोल आखला. माझ्या अंगावर काटा आला. मला लिस्बनची ती थाळी दिसली.

मध्ये त्यांनी लिहिलं, की फलक चुकला आहे, चूक आम्हा चौघांची आहे, आणि तो प्रदर्शनात लावू नये. भोवती चार सह्या.

आर्काइव्हच्या प्रमुख सारा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी आल्या. कडक बाई. त्यांनी कागद वाचला, एकदा फिरवला, मग पुन्हा फिरवला. मी श्वास रोखून बघत होतो.

"ही कल्पना आधी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"मी मधेच कुठेतरी होते," सुनेत्राताई म्हणाल्या.

"मी पण मधे," हरीश म्हणाला. नीना आणि ग्वेननेही मान हलवली.

सारा हसल्या नाहीत. त्यांनी वाकून मला नीट पाहिलं, नांगर पाहिला, मासा पाहिला, रंधा पाहिला. मग टेबलावरची पेन्सिल उचलली, कारण माझ्याजवळ पेन आणायला बंदी आहे, आणि त्या गोलात नीना आणि ग्वेनच्या मधे जी जागा उरली होती तिथे स्वतःची सही केली.

"फलक मी मंजूर केला होता," त्या म्हणाल्या. "आता हा कागद फाइलला लावा. आणि तो फॉर्म बदलायला सांगा."

तीनशे वर्षांत मी पुष्कळ सह्या पाहिल्या, पण कप्तानाने गोलात येऊन केलेली सही पहिल्यांदाच पाहिली. मला रडू आलं असतं, पण कागदाने रडू नये, शाई पसरते.

आता मी एका गोल काचेवर असतो. मंद उजेडात ती काच हळूहळू फिरते, इतकी हळू की चटकन कळतही नाही. प्रत्येकासमोर वेगळं नाव वर येतं. सुनेत्राताई अजून इथेच आहेत, आणि दर सोमवारी येऊन माझी विचारपूस करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना कागद असेल. त्याला चिकटपट्टी लावू नका, ओलीत ठेवू नका, चहाचा कप दूर ठेवा. आणि त्याच्यावर कुणी विश्वासाने काही लिहून ठेवलं असेल, तर ते जसं आहे तसंच राहू द्या. माझ्या गोलात अकरा माणसं आहेत. त्यांतला पहिला कोण, ते मला अजून लख्ख आठवतं. कधी कार्डिफला आलात तर मला जरूर विचारा. मी म्हणेन, तो मधेच कुठेतरी होता.