संत्र्यांच्या बागेतली मुकी खुंटी

मी एक जुनी खुंटी आहे, मित्रांनो. हसू नका! कपडे टांगायची नव्हे, मातीतली ओल मोजणारी. अमडापूरजवळ धम्मशीलाच्या संत्र्याच्या बागेत मला वीतभर खोल पुरलं होतं. ही झाडं तिच्या वडिलांनी, दयारामबाबांनी लावलेली. ते गेल्यावर ती रोज बागेत यायची आणि झाडांशीच दोन शब्द बोलायची.

वर आकाशात एक उपग्रह फिरतो. मातीतून निघणाऱ्या अगदी क्षीण लहरी टिपून तो ओल ओळखतो. माती कोरडी असली की लहरी जोरात, ओली असली की मंद. पण त्याचं माप हळूहळू सरकतं. म्हणून मी खालून खरं काय ते कळवायचे आणि उपग्रहाच्या कार्यालयातले लोक त्याचं माप दुरुस्त करायचे. तिथला कलीम दर पावसाळ्याआधी यायचा, माझी बॅटरी बदलायचा, "शाबास!" म्हणायचा. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग आम्हा खुंट्यांची योजना संपली. कलीम येईना. बॅटरी संपली आणि माझं बोलणं बंद पडलं. समजत मात्र सगळं होतं.

त्याच सुमारास आसपासच्या शेतांत मोबाइलचा सिग्नल वाढवणारे स्वस्त बूस्टर लागले. धम्मशीलानेही लावला, झाडांना पाणी कधी द्यायचं याचा उपग्रहाच्या मापावरून येणारा संदेश बागेतच मिळावा म्हणून. पण हे बूस्टर उपग्रहाच्या कानाशीच गोंगाट करत होते. त्या गोंगाटामुळे लहरी जोरात भासल्या आणि ओली माती त्याला कोरडी वाटली. संदेश आला, पाणी द्या.

"चप्पल रुतून राह्यली इथं," धम्मशीला थबकली.

तिची मुलगी मयुरी म्हणाली, "आई, उपग्रह सांगून राह्यला. तो काय खोटं बोलन?"

मोटर सुरू झाली. मी चिखलात बुडाले. अगं, थांब ना! पण ओरडू कशी? संदेश येत राहिले, पाणी येत राहिलं. मुळं कुजली, खोडांतून डिंक गळू लागला, पानं पिवळी पडली. बाबांचं एकही झाड वाचलं नाही.

बातमी कळल्यावर कलीम धावत आला. बूस्टर तपासून त्याने सगळा घोळ समजावला, पण आता काय उपयोग? खोडं उपटताना मीही वर आले. धम्मशीलाने मला हातात घेतलं, पदराने चिखल पुसला.

"तू तं इथंच होती ना व माय? मंग बोलली काऊन नाही?"

मित्रांनो, मला फार रडू आलं. खरं सांगायला कुणाला नेमलंत, तर त्याच्याकडे अधूनमधून फिरकत जा. मला फक्त एक बॅटरी हवी होती.