बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि स्वभावाने पहिल्यापासून भित्रा. दुकानात होतो तेव्हा ओरखड्याला भ्यायचो. घरात आलो तेव्हा वीज गेली की दूध नासेल म्हणून माझी पाचावर धारण बसायची. पुढे माझा कॉम्प्रेसर बंद पडला, मला भंगाराच्या गाडीवर चढवलं, तेव्हा तर माझं धाबंच दणाणलं.

त्या गाडीवरून मला उतरवून घेतलं एका मावशीनं. बंद कारखान्यामागच्या पडीक जागेत आसपासच्या गल्ल्यांमधली माणसं मिळून भाजी पिकवत होती, कारण दुकानातली ताजी भाजी त्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती. ज्याच्या अंगात बळ तो खणायचा, ज्याला जमत नाही तो शेंगा सोलायचा, वाटा मात्र दोघांना सारखाच. बी विकत आणायचं नाही, आपलंच राखायचं, असंही त्यांचं ठरलं होतं. पण आदल्या वर्षी उंदरांनी घेवड्याचं सगळं बी फस्त केलं. म्हणून माझी वर्णी लागली. त्यांच्यातल्याच एका सायकलवाल्यानं दाराला ट्यूबची रबरी पट्टी चिकटवून मला हवाबंद केलं, बाहेरून जाड कडी बसवली आणि माझ्या पोटात सगळ्यांचं बियाणं आलं.

कौतुक फार व्हायचं. "हा आहे म्हणून पुढच्या वर्षी आपण खाणार," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मला मात्र स्वस्थता नसे. उंदीर खुडबुडला की मी दार आणखी घट्ट धरायचो. मावशीही माझ्याच जातकुळीची. दार उघडं दिसलं की तिचा हात आपोआप कडीवर जायचा.

पेरणीच्या दिवशी तेवढा मी रिकामा व्हायचो. ज्यानं त्यानं ओंजळभर बी न्यायचं, पीक आलं की दोन ओंजळी परत आणायच्या. त्या दिवशी माझ्या जाळ्या धुऊन उन्हात ठेवल्या होत्या. मोठी माणसं वाफ्यांकडे पांगली, मुलांचा लपंडाव सुरू झाला आणि मावशीची भाची, जिला सगळे भिंगरी म्हणत, ती माझ्यात येऊन बसली. जराशी फट ठेवून तिनं दार ओढून घेतलं. तोंडावर हात धरून ती खुदुखुदु हसत होती.

मावशी पाण्याची बादली घेऊन निघाली होती. "किती वेळा सांगायचं ह्या लोकांना, दार लावत जा म्हणून!" असं पुटपुटत तिनं दार ढकललं आणि कडी घातली.

भिंगरी आधी हसली. मग म्हणाली, "मावशी, मी आहे ना आत." मग ती ठोठावू लागली. माझ्या भिंती जाड, आवाज आतल्या आत जिरत होता. ट्यूबची पट्टी हवेचा कणही आत येऊ देईना. ज्या घट्टपणासाठी सगळे मला नावाजत, त्याचीच मला भीती वाटू लागली. ओरडावं तर मला तोंड नाही. तिचं ठोठावणं हळू होत गेलं.

बाहेर हाका सुरू झाल्या. "भिंगरे, डाव संपला, ये बाहेर!" "अरे, हौदात बघा कुणीतरी!" मावशी रडत माझ्यासमोरून धावत गेली.

वाफ्यांकडून धावत आलेले शेजारचे शिंपीकाका जाळ्यांपाशी थबकले. "अहो मावशी, जाळ्या तर इथे वाळतायत. मग रिकाम्या फ्रीजला कडी कुणी लावली?"

मावशी पांढरीफटक पडली. "मी," ती म्हणाली. "मीच लावली."

दार उघडलं तशी भिंगरी घामानं निथळत तिच्या पायांवर कलंडली. ती हलेना. मग तिनं एक मोठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. "मला उंदीर दिसतात गं सगळीकडे, तू नाही दिसलीस," मावशी तिला छातीशी धरून म्हणत राहिली.

त्याच दिवशी सायकलवाल्यानं माझं दार उखडलं. बियाणं डब्यांत गेलं, मला आडवा करून पोटात माती भरली. मित्रांनो, जुना फ्रीज टाकाल किंवा दुसऱ्या कामाला लावाल, तेव्हा आधी त्याचं दार काढा. आणि कुठलंही दार लावण्याआधी आत डोकावून बघा.

भिंगरी पुष्कळ दिवस माझ्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. मग एका सकाळी मावशीचं बोट धरून आली आणि माझ्यात घेवडा पेरून गेली. आता कोंब कधी फुटतो याची सगळे हौसेनं वाट बघतात. मला मात्र खालून माती हलली की आतून कुणीतरी ठोठावतंय असंच वाटतं. मी दचकतो. मग आठवतं, आता मला दार नाही.